आधी सगळे घराबाहेर पडा

थंडी पडली की नाशिकच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीच्या सरकत्या काचा गच्च लागतात. तिथेच गॅस गिझर असतो आणि वारा लागू नये म्हणून लव्हबर्डचा पिंजराही तिथेच टांगलेला असतो. मी जनावरांचा डॉक्टर. डिसेंबरात ‘काल रात्रीपर्यंत चांगला होता हो’ म्हणत कुणी मेलेला पक्षी घेऊन आलं, की आधी गिझर कुठे आहे ते विचारतो.

सिलिंडर गळला तर कळतं, कारण त्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण कोंडलेल्या जागेत गॅस किंवा शेगडीतला कोळसा अर्धवट जळून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

एकदा एक बाई लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. त्यांचा गॅस गिझर बाथरूममध्येच. घरातलं कुणी आंघोळीला गेलं की बाथरूमच्या दाराच्या फटीला नाक लावून पडायची त्याची सवय. उलट्या, झोकांड्या आणि हिरड्या लालबुंद. त्या नेहमीच तशा होतात असं नाही. जिभेला ऑक्सिमीटर लावला तर आकडा झकास! या विषारी वायूने भरलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं. ऑक्सिजन लावता लावता विचारलं, ‘घरी कोण आहे?’ बाई म्हणाल्या, ‘सासूबाई. सकाळपासून डोकं धरून पडल्यात.’ कुत्र्याला उचलून आणलं आणि सासूबाई घरातच! त्यांना ताबडतोब बाहेर काढायला लावलं.

‘घरात पक्षी असला की आधी समजतं,’ असंही काही जण सांगतात. विलायतेतल्या कोळसा खाणींत यासाठीच कॅनरी नेत. त्यांनीही १९८६ मध्ये पक्ष्यांना सुट्टी देऊन यंत्रं आणली. आपण मात्र अजून पाळलेल्या जिवावरच भरवसा ठेवायचा?

सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून दोन-दोन तास भांडण चालतं. त्यातली पंधरा मिनिटं गिझरला द्या. धूर बाहेर नेणारा पाइप नसेल तर तो बसवल्याशिवाय गिझर चालू करू देऊ नका, बंदिस्त बाथरूममधला गिझर काढायला लावा, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घर भाड्याने देणाऱ्या मालकांनाही हाच नियम हवा. आणि कुत्रं-मांजर अचानक झोकांड्या खाऊ लागलं, तर घरातल्या प्रत्येकाला घेऊन बाहेर पडा. कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आधी माणसांचं हॉस्पिटल गाठा.