गुणवत्तेची शर्यत की भांडवलाची?

फॉर्म्युला वनकडे नेणाऱ्या कनिष्ठ एकआसनी मोटार-शर्यतींत घड्याळच न्यायनिवाडा करते, असा सर्वसाधारण समज आहे. २०१५ ची युरोपीय फॉर्म्युला थ्री स्पर्धा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत ब्रिटनचा तरुण चालक जेक डेनिस तिसरा आला. मोनॅकोचा शार्ल लक्लेर चौथा, कॅनडाचा लान्स स्ट्रोल पाचवा. लक्लेरला २०१६ मध्ये फेरारीने आपल्या प्रशिक्षण योजनेत घेतले. अब्जाधीशाचा पुत्र असलेला स्ट्रोल २०१७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. त्याने आदल्या वर्षी फॉर्म्युला थ्री जिंकली होती, हेही मान्य केले पाहिजे. डेनिस मात्र जीपी थ्री मालिकेत चौथा येऊन जीटी मोटारींच्या शर्यतींकडे वळला.

या श्रेणींत बहुधा संघ चालकाला वेतन देत नाही, चालकच संघाला पैसे मोजतो; एका हंगामाचा खर्च कित्येक लाख युरो. अशा बाजारात गुणांपेक्षा गुणांमागील थैलीला अधिक भाव यावा, हे ओघानेच आले. ल्यूइस हॅमिल्टनचा दाखला नेहमी दिला जातो. परंतु त्यालाही १९९८ मध्ये, तेराव्या वर्षी, मॅक्लारेनचा आश्रय लाभला होता.

डेनिस २०२३ मध्ये विजेवरील मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत जगज्जेता ठरला. फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीत तो आजवर उतरलेला नाही.