घाट घालण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एक मथळा ठराविक वेळी हजेरी लावतो. अमुक घाटात दरड कोसळली, वाहतूक ठप्प झाली, प्रवासी रात्रभर अडकून पडले. कधी त्याखाली मृतांचा आकडाही असतो. मग मंत्री स्थळाला भेट देतात, अधिकारी चौकशीचे आश्वासन देतात, आणि 'निसर्गाचा कोप' या दोन शब्दांत प्रकरणाची इतिश्री होते. निसर्ग कोपतो हे कोण नाकारील? परंतु सह्याद्रीवर पाऊस काही आज पडू लागलेला नाही. जो डोंगर शतकानुशतके हा पाऊस सोशीत उभा आहे, तो नेमका नव्या रस्त्याच्या काठीच का ढासळतो, या प्रश्नाचे उत्तर ढगांत शोधून मिळणार नाही. ते पुष्कळदा रस्त्याच्या आराखड्यात दडलेले असते. आणि तो आराखडा घाटात नव्हे, तर घाटापासून शेकडो मैल दूर असलेल्या कचेरीत तयार होतो.

आमच्या उपनगरांतील वाचकांना ही गोष्ट परकी नाही. अंधेरीच्या, विक्रोळीच्या, मुलुंडच्या कचेऱ्यांत बसून आपली मुलेमुली आज देशभरातील रस्त्यांचे आराखडे करीत असतात. पूर्वी कंपासपेटी, फूटपट्टी आणि निळे नकाशे घेऊन जे काम महिनोन्‌महिने चाले, ते आता 'सिव्हिल थ्री-डी' किंवा 'ओपनरोड्स' यांसारख्या संगणकीय साधनांनी काही दिवसांत होते. विमानातून, उपग्रहावरून अथवा ड्रोनने घेतलेल्या मोजमापांतून डोंगराचा पृष्ठभाग असंख्य लहान त्रिकोणांनी पडद्यावर उभा करायचा, त्यावर रस्त्याची मध्यरेषा आखायची, तिचे चढउतार ठरवायचे, आणि मग रस्त्याचा आडवा छेद त्या रेषेवरून मण्यासारखा ओवीत न्यायचा, अशी ही रीत. कोठे किती खोदाई, कोठे किती भराव, किती जमीन लागेल, हे सारे यंत्र आपोआप सांगते. सपाट मुलुखात हे काम बिनबोभाट पार पडते. अडते ते तीव्र डोंगरउतारावर. तेथे यंत्र तांबड्या अक्षरांत तक्रार करू लागते, की रस्त्याच्या कडेचा उतार जमिनीला मिळत नाही.

ही तक्रार म्हणजे नेमके काय, हे शाळेतली भूमिती आठवणाऱ्या कोणालाही समजेल. रस्त्याच्या दरीकडील बाजूस मातीचा भराव घालायचा असेल, तर तो साधारणतः उभ्या एक मीटरला आडवे दीड मीटर या बेताने उतरता ठेवतात, म्हणजे शेकडा ६७. आता मूळ डोंगरच शेकडा ७० च्या उताराने खाली जात असेल, तर भरावाची रेषा त्याला गाठणार कशी? ती जितकी पुढे न्यावी तितकी जमीन तिच्याखाली अधिकच दूर जाते. यंत्र ती रेषा ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत ताणते आणि हात टेकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडांनुसार आडवा उतार शेकडा ६० च्या पुढे गेला की तो भूभाग सर्वांत तीव्र वर्गात मोडतो. आमच्या घाटांत असे उतार पावलोपावली आढळतात. तेव्हा यंत्राची ही तक्रार म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. 'येथे भराव टिकणार नाही' असे प्रत्यक्ष डोंगरच त्या तांबड्या अक्षरांतून सांगत असतो.

या तक्रारीचे निवारण दोन मार्गांनी करता येते. पहिला मार्ग कष्टाचा आहे. रस्त्याची मध्यरेषा डोंगराच्या पोटाकडे सरकवावी, चढ बदलून पाहावा, दरीकडे पायापासून बांधलेली भिंत किंवा पूल घ्यावा, दोन्ही मार्गिका एकाच पातळीवर ठेवण्याचा हट्ट सोडून त्या वरखाली न्याव्यात, आणि हे काहीच जमले नाही तर ती वाटच सोडून द्यावी. दुसरा मार्ग अत्यंत सोपा आहे. उताराचा आकडा बदलावा. डोंगरकडील काप अधिक उभा केला की रेषा जमिनीला मिळते आणि तांबडी अक्षरे नाहीशी होतात.

हा मोह किती मोठा आहे हे आकड्यांनीच पाहावे. शेकडा ७० उताराच्या डोंगरात १० मीटर रुंदीची सपाटी काढायची आणि वरचा काप एकास एक या बेताने ठेवायचा, तर काप सुमारे २३ मीटर उंच होतो. चौपदरी रस्त्यासाठी तीच सपाटी २० मीटर केली, की कापाची उंची सुमारे ४७ मीटर होते आणि खोदाई दुप्पट नव्हे, चौपट होते. सपाटीच्या पलीकडे आणखी ४७ मीटर रुंदीची पट्टी संपादन करावी लागते. याउलट तोच काप उभ्या चारास आडवा एक असा केला, तर उंची १७ मीटरवर येते, पट्टी चार मीटरपुरती उरते आणि खोदाई जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर उतरते. खर्च वाचला, जमिनीचा तंटा मिटला, यंत्राची तक्रारही थांबली! अखंड काळ्या पाषाणात असा कडा उभा राहीलही. पण सह्याद्री हा एकसंध पाषाण नाही. लाव्ह्याच्या थरावर थर बसून तो झालेला आहे. त्या थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीसारखे मऊ पट्टे आहेत, भेगा आहेत, वर झिजून झालेला मुरूम आहे. कोकणात उतरावे तो जांभा आणि त्याखालची शेडी लागते. या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते, माती फुगते, तिची पकड सुटते. पायथा कापून काढलेला डोंगर मग कोणाच्या आधाराने उभा राहणार? यंत्राला रेषा जमिनीला मिळाली की नाही एवढेच कळते. ती जमीन दगडाची की मातीची, हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

चुकीच्या अशा आणखी कितीतरी जागा आहेत. दाट रानावरून घेतलेल्या छायाचित्रांत जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजले जातात आणि पडद्यावरचा डोंगर खऱ्या डोंगराहून काही मीटर उंच होतो. मोजणीचे बिंदू विरळ असले, तर त्रिकोण कड्यावरून बेलाशक ताणले जातात आणि ताशीव कडा गुळगुळीत उतार होऊन बसतो. आडवे छेद वीस-वीस मीटरांवर घेतले आणि दोन छेदांच्या मध्ये एखादी नळी वा ओहोळ असला, तर तो आराखड्यात येतच नाही. त्यावर मोरी बांधली जात नाही. आणि पहिल्याच आषाढात तो आपली वाट रस्त्यातून काढतो. हेअरपिन वळणावर आतल्या बाजूचे छेद एकमेकांत घुसतात, आणि एकाच मातीची खोदाई दोनदा मोजली जाते. यांपैकी प्रत्येक दोषावर उपाय आहे. छेद जवळजवळ घ्यावेत, बिंदू वाढवावेत, वळण स्वतंत्रपणे आखावे. पण त्यासाठी हा दोष आहे हे ओळखणारी नजर हवी, आणि ती नजर घाट पायी चढल्याखेरीज येत नाही.

या साऱ्याचा अर्थ जमिनीवर काय होतो, हे मुंबई-गोवा महामार्गावरील परशुराम घाटाने दाखवून दिले आहे. चौपदरीकरणासाठी तेथे डोंगर कापावा लागला. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या कामापायी रोज दुपारी काही तास वाहतूक बंद ठेवण्याची पाळी आली, आणि त्याच वर्षी जुलैत दरडींमुळे घाट बंद करावा लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा तर आमच्या अभिमानाचा विषय. परंतु तेथेही २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी प्राणांस मुकले, आणि २०२३ च्या जुलैत त्याच परिसरात पुन्हा दरड आली. ज्या रस्त्याने उपनगरांतील कुटुंबे गणपतीला गावी जातात आणि ज्या रस्त्याने मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, त्या रस्त्यांचीच ही कथा आहे.

यावर असे म्हटले जाईल, की कठीण मुलुखात थोडा धोका पत्करल्यावाचून रस्ते होत नाहीत. शिवाय अलीकडे पाऊसच असा कोसळतो, की कोणताही हिशेब चुकावा. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पावसाचे मान बदलत आहे. पण मग हिशेबात सावधगिरीचे मान वाढावयास नको काय? पाऊस वाढला म्हणून काप अधिक उभा करावा, हे तर्कशास्त्र आम्हास उमगत नाही. आणि रस्ते हवेत हे कोण नाकारतो? दरवर्षी पावसाळ्यात बंद पडणारा चौपदरी रस्ता हवा, की बारमाही चालणारा साधा रस्ता हवा, एवढाच प्रश्न आहे.

दोष त्या कचेरीत बसलेल्या तरुण अभियंत्याच्या माथी मारून मोकळे होणेही न्यायाचे नव्हे. त्याला दिलेली मुदत आठवड्यांची, डोंगर पाहण्याची संधी शून्य, आणि वरिष्ठांचा प्रश्न एकच: 'तक्रारी मिटल्या का?' सविस्तर प्रकल्प अहवालाचे काम कमीत कमी पैशांत करणाऱ्यास दिले जाते, तेव्हा सर्वांत प्रथम काट मारली जाते ती भूगर्भतपासणीवर. डोंगरात भोके पाडून खडकाचे नमुने काढणे हे महागाचे आणि वेळखाऊ काम आहे. पडद्यावरचा आकडा बदलणे फुकट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीच २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीत जाहीरपणे सांगितले, की अपघातांना सदोष प्रकल्प अहवाल आणि ते करणारे अभियंते जबाबदार आहेत. मंत्रिमहोदयांचे निदान मोलाचे आहे. परंतु असे अहवाल स्वीकारणारे खाते त्यांचेच आहे, हेही विसरून चालणार नाही.

सह्याद्रीला वाट मागण्याची रीत आमच्या प्रांताला नवी नाही. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि त्याच घाटातून आगगाडी १८६३ मध्ये वर चढली. जेम्स बर्कले या अभियंत्याने त्यासाठी वर्षानुवर्षे डोंगर मोजून काढला, पंचवीसच्या आसपास बोगदे खोदवले, आणि ३७ फुटांस एक फूट एवढ्या चढाची मर्यादा सांभाळली. जेथे वळण बसेना तेथे गाडीची दिशाच उलटी करण्याचे स्थानक त्याने घातले, पण डोंगरावर बळजबरी केली नाही. ही वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे, आणि घाटात त्याचे देऊळ आजही आहे. आख्यायिकेचा इतिहास कसाही असो, तिच्यातील शहाणपण खरे आहे. डोंगर कोठून वाट देतो, हे गुरे घेऊन तो बारमाही हिंडणाऱ्यास विचारावे. त्या कामातही चुका झाल्याच. याच मार्गावरील एक मोठा दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला. परंतु मोजमाप करण्यात कसूर झाली नव्हती, असे त्या पिढीला निदान म्हणता येत होते.

आज हा प्रश्न घाटातून आमच्या अंगणात आला आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवली मार्गाचे १० किलोमीटरांहून अधिक लांबीचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांखालून जावयाचे आहेत. दोन्ही बोगद्यांच्या कामांचा शुभारंभ १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. उद्यानाला जखम न करता पलीकडे जाण्याचा बोगदा हा शहाणा मार्ग आहे. पण बोगद्यालाही तोंड असते, आणि ते डोंगराच्या उतारावरच उघडते. बोगदा घेतला म्हणजे डोंगराची ओळख करून घेण्याचे कारण उरले नाही, असा समज उत्तराखंडातील सिल्क्याराने २०२३ च्या नोव्हेंबरात खोटा पाडला. तेथे ४१ मजूर १७ दिवस अडकून पडले होते. आणि घाटकोपरच्या टेकडीवर २००० च्या जुलैत दरडीखाली साठांहून अधिक माणसे गाडली गेली, हे उपनगरांनी विसरता कामा नये. उपनगरांतील टेकड्याही सह्याद्रीच्याच गणगोतातल्या आहेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. घाटरस्त्याच्या आराखड्यात ज्या ज्या ठिकाणी संगणकाने उतार जमिनीला न मिळाल्याची तक्रार केली, त्यांची यादी आणि प्रत्येक ठिकाणी काय उपाय केला याची नोंद अहवालाला जोडलेली असावी. उताराचा आकडा बदलावयाचा तर त्याखाली भूगर्भशास्त्रज्ञाची सही असावी. आराखडा करणाऱ्याने तो मार्ग एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात पायी पाहिलाच पाहिजे. भूगर्भतपासणीचा खर्च निविदेच्या चढाओढीतून वगळून स्वतंत्रपणे द्यावा. आणि संपूर्ण आराखडा काम सुरू होण्यापूर्वी लोकांसमोर ठेवावा, म्हणजे त्या डोंगरात राहणाऱ्यांना 'येथे पावसाळ्यात पाणी फुटते' असे सांगण्याची संधी मिळेल.

यांतील एकही मागणी अशक्य नाही, की फार खर्चाचीही नाही. एका पावसाळ्यात दरडी उपसण्यावर आणि ढासळलेल्या भिंती पुन्हा उभारण्यावर जे द्रव्य जाते, त्याच्या अंशातून हे होईल. यंत्राने दिलेला इशारा पुसून टाकणे सोपे असते, कारण तो पुसणारा माणूस त्या दरडीखाली उभा नसतो. तेथे उभा असतो गावी निघालेला प्रवासी आणि घाटाच्या पायथ्याशी घर असलेला शेतकरी. शासनाने घाट घालण्यापूर्वी या दोघांचा विचार करावा, आणि हे पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता करावे.