होतकरू गोलंदाजांचा भाव

कसालच्या तिठ्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा फाटा फुटतो, तिथे सकाळी एस.टी.ची वाट पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अलीकडे एक शब्द वारंवार येतो: 'रँकिंग'. रणजी संघात किंवा एकोणीस वर्षांखालील संघात नुकताच आलेला अमुक गोलंदाज पहिल्या पाचांत की पहिल्या विसांत, यावर हमरीतुमरी चालते. वादाला आमची हरकत नाही; वाद हा आमचाही व्यवसाय आहे. हरकत आहे ती या वादातून गोलंदाजीच नाहीशी झाली याला. मुलगा चेंडू कसा टाकतो हे कोणी विचारत नाही. तो 'पॉइंट' किती देईल, एवढेच विचारले जाते.

शंभर क्रेडिटच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, असा हा फँटसी क्रिकेटचा हिशेब. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि ड्रीम११सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. तेव्हा प्रश्न मिटला, असे आमच्या काही सहकाऱ्यांना वाटले. आम्हांला तसे वाटत नाही. पैसा गेला, पण माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी त्या पैशाने घडवली ती शाबूत आहे. स्वस्तात मिळणारा, अजून कोणाच्या नजरेत न भरलेला पोरगा आधी हेरणे, ही त्या दृष्टीची परमावधी. बाजारात याला रसिकता म्हणत नाहीत, साठेबाजी म्हणतात.

या खेळाचे मूळ अमेरिकन बेसबॉलमध्ये आहे, आणि आपल्यासारख्यांना अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की त्याचा जनक अक्षरव्यवहारातलाच माणूस होता. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने १९८० साली न्यूयॉर्कमध्ये मित्रांसह तो मांडला. त्याआधी, १९६८ मध्ये, रॉबर्ट कूवरने एका कादंबरीत एकाकी हिशेबनीस रंगवला होता. तो घरात बसून फाशांवर अख्खी बेसबॉल लीग चालवतो. त्याचा लाडका तरुण पिचर एका सामन्यात सर्वोत्तम कामगिरी करतो आणि पुढे फाशांच्याच एका दानाने मैदानावर मरतो. कागदावरच्या त्या मुलासाठी हिशेबनीस उद्ध्वस्त होतो. आमचे यादीकार हाडामांसाच्या मुलाला दुखापत झाली, की त्याचे नाव खोडून दुसरे लिहितात. कूवरचा वेडा हिशेबनीस आम्हांला अधिक शहाणा वाटतो.

त्यातही गोलंदाजांची यादी सर्वांत बेभरवशाची. वेगाने चेंडू फेकणे हे शरीरावर उसने घेतलेले काम आहे. बेसबॉलमध्ये पिचरच्या कोपराचा अस्थिबंध तुटतो. त्यावरच्या शस्त्रक्रियेला १९७४ साली ती प्रथम ज्याच्यावर झाली त्या टॉमी जॉनचे नाव मिळाले. आपल्याकडे वाढत्या वयाच्या पाठी मोडतात. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक संपण्यापूर्वीच कमलेश नागरकोटीला आयपीएलच्या लिलावात ३ कोटी २० लाखांची बोली लागली. पुढचे दोन हंगाम दुखापतींनी नेले. पहिला आयपीएल सामना त्याच्या वाट्याला आला तो २०२० मध्ये. या दोन वर्षांसाठी यादीत रकानाच नसतो.

यादीचा प्रश्न नेहमी एकच असतो: हा कुठवर पोहोचेल? या प्रश्नापुढे पद्माकर शिवलकर नापास ठरतात. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. पण १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, चेपॉकवर, त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले, ती गोलंदाजी कशाची तरी पूर्वतयारी होती काय? ती स्वतःच पूर्ण होती. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले. त्यांच्याविषयी 'संधी मिळाली असती तर' एवढेच बोलत राहणे हा त्यांच्या डावखुऱ्या फिरकीचा अपमान आहे.

यावर कोणी म्हणेल, याद्यांमुळेच तर मुले रणजीचे धावफलक वाचू लागली. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. 'याचा क्रमांक वर का' हे ज्या यादीत सकारण सांगितलेले असते ती समीक्षाच होय. कारण गळून केवळ क्रमांक उरला, की तिचे दरपत्रक होते.

आणि हे दरपत्रक मुलांना कोणी शिकवले? आम्हीच. 'आश्वासक', 'होतकरू', 'मोठ्या अपेक्षा निर्माण करणारा' ही आमच्या परीक्षणांतली विशेषणे तपासून पाहावीत. पहिल्या कवितासंग्रहावर लिहिताना आम्ही संग्रहाविषयी कमी आणि कवीच्या भावी बाजारभावाविषयी अधिक बोलतो. आमच्या याच कुडाळात खानावळ चालवणाऱ्या आरती प्रभूंना साहित्य अकादेमीचा पुरस्कार १९७८ साली मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांच्या कवितेला मधल्या काळात कोणत्या क्रमांकाची गरज होती?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. भातकापणीनंतर इथल्या शेतांत खेळपट्ट्या उमटतात. विद्यार्थ्यांनी तिथे जावे, एका अनोळखी मुलाचे एक षटक पाहावे आणि त्या सहा चेंडूंवर एक पान लिहावे. तो पुढे कोण होईल, हा शब्दही त्यात नसावा. पान जमले, तर कवितेवरचे पानही जमेल. आम्ही अध्यापकांनी मात्र हा स्वाध्याय आधी स्वतः करावा, आणि तो तपासताना गुण देऊ नयेत.