चावी कुठंय, बॉस?

पुण्यात फ्लॅट शोधताना लोक पार्किंग बघतात, मॉड्युलर किचन बघतात. माझ्या ओळखीतले तीन नग सध्या ड्राय बाल्कनी बघतायत, कारण तिथं त्यांना लेथ बसवायचाय. लाकूड कातायचा लेथ! सोमवार ते शुक्रवार कोड आणि कॉल्स, शनिवारी लाटणं, भोवरा, वाडगा. वेड आहे, पण वेड चांगलं आहे. आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड नव्हे हं. ‘कातीव चेहरा’ असं आपण ज्या शब्दानं म्हणतो तो याच धंद्यातला. लाकूड कातणारा तो कातारी, आणि पाळण्याचे पाय त्यानं केलेले असले की आजी ते बोटानं फिरवून बघायची.

या तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला. मशीन ठीक, पण बाकीचा पसारा ठेवणार कुठं? तिघंही गप्प.

कारण लेथ एकदाच घ्यायचा असतो, अ‍ॅक्सेसरीज आयुष्यभर घेत राहायच्या असतात. चक, चकचे वेगवेगळे जबडे, फेसप्लेट, ड्राइव्ह सेंटर, फिरतं सेंटर, दोन-तीन टूल रेस्ट, गाऊज, स्क्यू, पार्टिंग टूल, कॅलिपर, ऐंशीपासून चारशे नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर. वर्षभरात यांची किंमत मशीनला गाठते. आणि आपण हे सगळं ठेवतो कुठं, तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.

सुरुवात चकच्या चावीपासून करा. ही वस्तू हरवली तर काम अडतं, पण चकमध्येच विसरली आणि स्विच दाबला तर ती उडते. सरळ तोंडाच्या दिशेनंही उडू शकते. त्यामुळे तिची जागा एकच, स्विचच्या डोक्यावरचा हूक. हूक रिकामा दिसला की स्विचला हात लावायचा नाही. टूल्सही लेथच्या मागच्या भिंतीवर लावू नका. फोटोत झकास दिसतात, पण घ्यायला फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो. उजव्या बाजूला, टेलस्टॉकच्या पलीकडे, प्लंबरकडून उरलेल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे तिरके ठोका. मूठ खाली, पातं वर, म्हणजे कुठलं टूल उचलतोय ते दिसतं. खर्च जवळजवळ शून्य.

सेंटर्सचं मात्र लाड करून ठेवावं लागतं. त्यांची मागची निमुळती बाजू, मोर्स टेपर म्हणतात तो, निव्वळ घर्षणानं मशीनमध्ये पकडून राहतो. स्क्रू नाही, खिट्टी नाही. त्यावर गंजाचा एक ठिपका किंवा एक ओरखडा आला की पकड गेली. म्हणून डब्यात एकमेकांवर आपटत ठेवायची नाहीत. सागाच्या जाड तुकड्याला भोकं पाडा, प्रत्येकाला आपापलं घर. तुकडा बाभळीचा नको. ओल्या बाभळीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून तर तिची साल कातडं कमावायला वापरतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते. आमच्या साताऱ्याच्या शेडमध्ये संध्याकाळी ओली बाभूळ कातून भुसा तसाच टाकून झोपलात, तर सकाळी लेथच्या बेडवर काळे नकाशे उमटलेले असतात. आणि बाहेर जुलैचा पाऊस असेल तर काळ्याबरोबर तांबूसही. शिलाई मशीनचं तेल आणि जुनी बनियन, एवढ्यावर काम भागतं.

बनियनवरून आठवलं. जवसाच्या तेलाचं फिनिश दिलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांचा गोळा आतून तापतो आणि काडी न लावता पेटतो. खाली भुसा आहेच. पाणी भरलेला झाकणाचा डबा ठेवा, चिंधी त्यात.

इथपर्यंत कुठल्याही गावाला लागू. पण सांगलीत माझ्या मामांनी सगळी मांडणीच बदलली, त्याची गोष्ट वेगळी आहे.

कुठल्याही वर्कशॉपचा नियम काय? जड वस्तू खाली, हलकी वर. मामांचंही तसंच होतं. गावभागातलं घर, तळमजल्यावर लेथ, खालच्या खणात चक आणि फेसप्लेटा, मधल्या खणात सेंटर्स, माळ्यावर वाळत ठेवलेलं लाकूड. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. माणसं आधी बाहेर पडली, ते बरंच झालं. परत आल्यावर बघतात तर माळ्यावरचं लाकूड कोरडं ठणठणीत आणि ज्याच्या जिवावर ते लाकूड कातायचं ते सगळं गाळात. लेथचं ओतीव लोखंड घासून निघालं. मोटर पुन्हा भरून घेतली. पण चकचा आतला गुंडाळी आटा गाळानं असा बसला की सुटेना, आणि सेंटर्सच्या टेपरला खड्डे. लग्नसराईच्या आधी द्यायच्या पाळण्याच्या पायांची ऑर्डर तिथंच गेली. रिटायर्ड माणसाचा तो छंद नव्हता, घरखर्चाचा हिस्सा होता.

‘‘लाकूड काय, वखारीत रोज मिळतंय रं,’’ मामा म्हणाले, ‘‘मी ते वर जपलं आन् हत्यारं खाली.’’

सांगलीला साठवणूक शिकवायची म्हणजे खरं तर धाडसच. शेजारच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. वर माती, आत हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. कोठाराला पैसे नाहीत, जमीनच कोठार. 2005 च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. कोरड्या वर्षांसाठी अचूक असलेली जागा एका आठवड्यात उलटते.

मामांनी मग जडपणाचा हिशेब सोडला. आता त्यांच्याकडे विभागणी एकाच प्रश्नावर आहे, आधी काय उचलायचं? चक, सेंटर्स, चावी, कॅलिपर आणि चांगली चार टूल्स दोन लाकडी पेट्यांत. प्रत्येक पेटीला दोरीची मूठ, आणि वजन मामींना जिना चढून नेता येईल एवढंच. मामांनी आधी एकच मोठी पेटी केली होती, मामींनी ती उचलून बघितली आणि परत पाठवली. खण रिकामे नाहीत, पण त्यांत जे आहे ते भिजलं तरी चालेल असं. पॉलिशपेपर, मोडके जबडे, लाटण्यांचे नमुने.

दोन्ही पेट्यांच्या झाकणाला आतून वस्तूंची चित्रं काढलीत. नावं नाहीत, बाह्यरेषा. सेंटर जागेवर नसेल तर भोक ओरडून सांगतं. ही आयडिया मला मिरजेतही दिसली, वेगळ्या रूपात. तिथल्या सतारमेकर गल्लीत वर बघाल तर आढ्याला भोपळे टांगलेले, भिंतीवर पटाश्या आणि कानशी, जमीन जवळजवळ मोकळी. कारागीर मान वर न करता हात नेतो आणि हवी ती पटाशी हातात येते. ही घराणी मुळात शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून ती वाद्यांकडे वळली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला. हत्यार कुठं ठेवायचं हे ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून ठरलेलं आहे, त्यांना ऑर्गनायझर विकायला कोणी जाऊ नये.

माझ्या त्या तीन बाल्कनीवाल्यांना पूर येणार नाही. अकराव्या मजल्यावर कृष्णाही नाही आणि मुठाही नाही. पण भाड्याचं घर अकरा महिन्यांत सोडावं लागतं, पॅकर्सवाला सगळं एका खोक्यात कोंबतो आणि नव्या घरी टेपर ओरखडलेले निघतात. दोन पेट्यांचं गणित त्यांनाही लागू आहे. फक्त लेथ घेण्याआधी पेट्या करा. लेथ नसताना पेट्या कशा करणार, असं एकानं विचारलं. करवत आणि खिळे, राजा!

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा चढली तेव्हा मामांकडच्या दोन्ही पेट्या पंधरा मिनिटांत वर गेल्या. मोटरचे चार बोल्ट सोडून तीही वर गेली. त्या बोल्टांचा पाना लेथच्या पायाला सुतळीनं बांधलेला असतो. तो कुणी मागितला तरी मामा देत नाहीत, शेजाऱ्यांनाही नाही, मलाही नाही. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा ते नवी सुतळी बांधत होते.