पाण्याचा परवाना

परवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडीचं लायसन्स येतं. सिग्नल तोडला की दंड, दारू पिऊन गाडी चालवली की लायसन्स जप्त. गाडी घरी उभी राहते, गावाचं काही अडत नाही. इंग्लंडमधल्या खासगी पाणी कंपन्यांविषयी वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या कंपनीचा परवाना काढून घेतला तर नळाला पाणी कोण सोडणार?" सगळा वर्ग हसला. पण खरी मेख तिथंच आहे.

१९८९ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या दहा सरकारी जलसंस्था खासगी कंपन्या झाल्या. पाणी पुरवायचं आणि सांडपाणी शुद्ध करून सोडायचं, दोन्ही कामं त्यांच्याकडे. सरकारनं जुनी कर्जं माफ करून त्यांना कोरी पाटी दिली. प्रत्येकीला ठरावीक प्रदेश आणि एक परवाना मिळाला. लक्ष ठेवायला ऑफवॉट ही नियामक संस्था. इंग्लंडमध्ये दुकानं-कारखान्यांना २०१७ पासून निदान बिल देणारी कंपनी बदलता येते. घरगुती ग्राहकाला तीही सोय नाही. जिथं राहता, तिथली कंपनी घ्यायची, बस्स.

म्हणजे परवान्यातल्या अटी हीच ग्राहकाची ढाल. पण ही ढाल कशी आहे बघा. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा परवाना सरकारला साध्या मार्गानं संपवायचा असेल, तर किमान २५ वर्षं आधी नोटीस द्यावी लागते! पंचवीस वर्षं म्हणजे आज पहिलीत असलेलं मूल तोवर स्वतःच्या मुलाला शाळेत सोडायला येईल. आणि २०२१ च्या पर्यावरण कायद्यापर्यंत अट बदलायची तर कंपनीची संमती लागे, नाहीतर स्पर्धा नियामकाकडे जावं लागे. ज्याच्यावर नियम लावायचा, त्यालाच विचारायचं, हा कुठला न्याय?

लंडनला पाणी पुरवणाऱ्या थेम्स वॉटरचं उदाहरण घ्या. जवळपास १.६ कोटी ग्राहक. कोऱ्या पाटीवर सुरुवात केलेल्या या कंपनीवर अब्जावधी पौंडांचं कर्ज साठलं. चांगलं पतमानांकन टिकवणं ही परवान्याची अट. २०२४ मध्ये ते घसरलं आणि अट मोडली. परवाना गेला का? नाही. ऑफवॉटनं हमीपत्र घेतलं आणि स्वतंत्र देखरेख बसवली. मे २०२५ मध्ये सांडपाण्याच्या गैरकारभारासाठी आणि भागधारकांना नियमबाह्य लाभांश वाटल्याबद्दल मिळून १२.२७ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. त्यातले १.८२ कोटी लाभांशाबद्दल.

काही जण म्हणतात, अटी फार कडक केल्या तर गुंतवणूकदार पळतील, मग गळक्या पाइपलाइनी कोण बदलणार? मुद्दा अगदीच खोटा नाही. जमिनीखालचं काम खर्चिक असतं आणि कुणाला दिसतही नाही. पण ज्याला पळायचंच होतं, तो लाभांश घेऊन आधीच पळालाय की! माझं स्पष्ट मत आहे, ज्या धंद्यात दुकान बंद करायची धमकी देता येत नाही, तिथं पैशाच्या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात. आधी गळती आणि सांडपाणी, मग नफ्याची वाटणी. लाभांश कामगिरीशी जोडण्याची कडक अट २०२३ मध्ये आली. खासगीकरणाला तोवर चौतीस वर्षं होत आली होती.

आणि मागच्या बाकाच्या प्रश्नाचं उत्तर? ते १९९१ च्या पाणी उद्योग कायद्यातच आहे. परिस्थिती फारच बिघडली तर न्यायालय विशेष प्रशासक नेमू शकतं. मालकांचा ताबा जातो, पण नळ चालू राहतो. तो मुलगा म्हणाला, "मग नेमला का सर?" मी म्हटलं, २०२५ च्या मध्यापर्यंत तरी नाही. या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.