घरच्या स्टुडिओत कान सांभाळा

अमरावती-अकोल्यात आता घरच्या एका खोलीतही भजने आणि वऱ्हाडी गाणी रेकॉर्ड होतात. आनंदच आहे. पण हेडफोनचा आवाज किती ठेवावा, याचा विचार फारसा होत नाही.

रेकॉर्डिंगची लेव्हल आणि ऐकण्याचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खंजिरीची थाप एकदम उसळते. म्हणून २४ बिटवर रेकॉर्ड करताना मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज कमी वाटला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज सहसा दुरुस्त होत नाही.

कानाचेही तसेच. खोलीतला ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त १ तास. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय मोठ्या आवाजात बास जास्त भासतो आणि मिक्सिंगही फसते.

माझे मत स्पष्ट आहे : मिक्सिंग ७५ डेसिबलच्या आसपास करा आणि दर तासाला कानांना थोडी विश्रांती द्या. कानात शिट्टी वाजू लागली तर काम थांबवा. दुसऱ्या दिवशीही ती राहिली किंवा ऐकू कमी आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.