कोट न देणारा पोलीस

आयर्लंडच्या केन ब्रुएनची ‘द गार्ड्स’ (२००१) वाचली. असल्या पुस्तकाला आपले पांढरपेशे समीक्षक रहस्यकथा म्हणून प्रवासातच वाचतात आणि गाडीतच सोडतात. सोडू द्या. मला ती कामाची वाटली.

नायक जॅक टेलर. गॉलवे शहरातला बडतर्फ पोलीस, पक्का बेवडा. बडतर्फ कशापायी? लाच खाल्ली म्हणून नाही. कोठडीत गरिबाला तुडवला म्हणून नाही. भरधाव गाडी हाणणाऱ्या पुढाऱ्याच्या थोबाडात ठेवून दिली म्हणून! च्यायला, खाली मारलेलं पचतं, वर मारलेलं पचत नाही.

आणि खातं त्याच्याकडं मागतं काय, तर सरकारी कोट. पत्रं येतात, हा देत नाही. पावसात तोच घालून गुत्त्यात जाऊन बसतो. तेच त्याचं हापिस. हसू येतं. पण दोस्तहो, नोकरी गेली तरी अंगावरचा पोलीस उतरत नाही, हे ब्रुएन हसवता हसवता सांगून जातो.

त्याच गुत्त्यात एक आई येते. पोरगी मेलेली. पोलिसांनी आत्महत्या लिहून फाईल मिटवली. आई म्हणते, माझी पोर जीव देणारी नव्हती. आता बंद फाईल उघडायला तिला दारुड्याचे पाय धरावे लागतात.

आयर्लंडात खाजगी डिटेक्टिव्ह नसतात, असं जॅक म्हणतो. लोकांना त्यात खबऱ्याचा वास येतो. यायचाच. इंग्रजानं शेकडो वर्षं तिथं खबरे पोसले. नि आपण लांबचे नाही हां. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर नेपियरनं तिथं पोलीस उभा केला तो आयरिश पोलिसाच्याच साच्यावर. पुढं १८६१ चा पोलीस कायदा आला. म्हणजे आपल्या वस्तीतल्या दंडुक्याचं नि त्यांच्या दंडुक्याचं गोत्र एकच.

माझं भांडण शेवटाशी आहे. जॅकला गुन्हेगार सापडतो, तो त्याचाच दोस्त निघतो, आणि जॅक त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलतो. वाचणारे टाळ्या पिटतात. मी नाही पिटणार. पंचनामा नाही, साक्ष नाही, आरोपपत्र नाही. ह्याला आपल्याकडं एन्काउंटर म्हणतात! हा न्याय जॅक कुठं शिकला? त्या कोटातच शिकला. आणि ज्या आईनं पहिला सवाल केला, तिला कोर्टात उभं राहून बोलायला मिळालंच नाही.